शिसे अजून मातीतच आहे

१ फेब्रुवारी २००० पासून देशात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री बंद झाली. हवेतले शिसे उतरले आणि विषय मिटला, असे आपण धरून चाललो. पण शिसे हे मूलद्रव्य. ते कुजत नाही. त्याआधीच्या अनेक दशकांत धुरातून जे बाहेर पडले, त्यातले बरेचसे जुन्या, वर्दळीच्या रस्त्यांकडेला मातीच्या वरच्या थरात आजही बसून आहे.

त्याला तिथे धरून ठेवले ह्यूमसने. पालापाचोळा, मुळे, शेण कुजून होणाऱ्या या काळ्या सेंद्रिय पदार्थात कार्बॉक्सिल आणि फिनॉलिक गट असतात. त्यांतला हायड्रोजन सुटला की ऋणभारित जागा उरते आणि धनभारित धातू तिथे येऊन चिकटतो. शिसे आणि तांबे यांची पकड घट्ट. जस्त व कॅडमियमची सैल, म्हणून ते पिकात लवकर चढतात. सेंद्रिय कर्ब वाढवा, असे शेतकऱ्याला आपण पिकासाठी सांगतो. हाच कर्ब विहिरीच्या पाण्याचीही राखण करतो, हे सांगायचे राहून जाते. मात्र ही राखण कायमची नव्हे. माती आम्ल झाली की हायड्रोजन आपली जागा परत घेतो, धातू सुटतो. पाला पेटवला की धरून ठेवणाराच जळतो आणि धातू राखेत उरतो. ह्यूमसचा पाण्यात विरघळणारा अंश तर तांब्याला सोबत घेऊनच खाली झिरपतो.

भर पडणेही थांबलेले नाही. ब्रेकच्या झिजेतून तांबे व अँटिमनी येते, टायरमधून जस्त. विजेवरच्या गाडीलाही टायर आहेतच. २०२० पासूनचे बीएस-६ निकष धुराला लगाम घालतात, या झिजेला नाही. कॅलिफोर्नियाने २०१० मध्येच कायदा करून ब्रेकपॅडमधले तांबे २०२५ पासून अर्ध्या टक्क्यावर आणायचे ठरवले. आपल्याकडेही असा नियम हवाच.

त्याहून तातडीची गोष्ट वेगळी आहे. रस्ता रुंद करताना साइडपट्टीची माती खरवडून निघते. काळी, भुसभुशीत दिसते म्हणून ती बागेत नेण्याचा मोह होतो. तिच्यात खेळणाऱ्या मुलाचा हात तोंडात जातो. आणि शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. जुन्या रस्त्याकडेची माती तपासल्याशिवाय बागेत, शेतात वा शाळेच्या अंगणात टाकू नये, असा आदेश सार्वजनिक बांधकाम विभागाने आणि महापालिकांनी विनाविलंब काढावा.