प्रवेशाचा अर्ज आणि घरची बोली

भाषाशास्त्र व तत्त्वज्ञान यांच्या उच्च अभ्यासक्रमांना प्रवेश देताना अनेक विद्यापीठे गुणपत्रिकेवर समाधान मानीत नाहीत. उद्देशनिवेदन, लेखनाचा नमुना आणि अध्यापकांची शिफारसपत्रे यांचीही तेथे पारख होते. तंजावूरच्या मराठी घरातून येणाऱ्या विद्यार्थ्याची अशा वेळी दोन प्रकारे फसगत संभवते : घरची बोली अशुद्ध मानून तो ती लपवितो, अथवा तिचे राजवस्त्र पांघरून उभा राहतो.

दुसरा मोह अधिक मोठा. कारण सामग्री विपुल आहे. शहाजीराजांचे (१६८४–१७१२) ‘पंचभाषाविलास’ नाटक, बृहदीश्वर मंदिरातील १८०३ चा भोसले वंशाचा मराठी शिलालेख, सरस्वती महालातील ग्रंथ व मोडी कागद यांची नावे घेतली की अर्ज भारदस्त दिसतो. परंतु वारसा म्हणजे संशोधनाचा प्रश्न नव्हे.

प्रश्न कसा घडतो, याचे एक उदाहरण पाहावे. श्रोत्यास धरून बोलताना तमिळ ‘नाम्’ म्हणते, वगळून बोलताना ‘नाङ्गळ्’. मराठीत ‘आपण’ आणि ‘आम्ही’ असा भेद आहे. हिंदीच्या ‘हम’मध्ये तो नाही. एवढ्यावरून तंजावूरच्या बोलीवर तमिळची छाप पडली, असे लिहावयास हात शिवशिवतो. मात्र हाच भेद पुण्या-साताऱ्याच्या मराठीतही आहे. तेव्हा त्याचे श्रेय तंजावुरातील तीन-साडेतीन शतकांच्या सहवासास देता येत नाही. गम्पर्झ व विल्सन यांनी १९७१ साली कुपवाडच्या बोलींविषयी जे दाखविले, म्हणजे शब्द निराळे राहूनही वाक्यरचना एकमेकींजवळ येतात, त्या दिशेने शोध घ्यावयाचा तर तंजावूरची वाक्ये आधी महाराष्ट्रातील वाक्यांशेजारी ठेवून तपासावी लागतील. आपली चूक स्वतःच पकडणारे असे एक पान दहा प्रमाणपत्रांहून अधिक बोलते.

तत्त्वज्ञानाचा प्रवेश येथेच होतो. साम्य हे कारणाचा पुरावा केव्हा ठरते? ‘आपण’ या शब्दाचा अर्थ बोलणाऱ्याच्या मनात असतो, की श्रोत्यास सामावून घेण्याच्या कृतीत? भर्तृहरीने वाक्य हेच अर्थाचे अखंड एकक मानले. त्याचे नाव अर्जात शोभेसाठी न आणता त्याचा विचार या उदाहरणावर घासून पाहावा.

ही सारी सामग्री अखेर घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडची आहे. त्यांच्या संमतीने, ऐकले तसेच, ‘शुद्ध’ न करता ती वाक्ये टिपावयास हवीत. प्रवेश मिळेल अथवा नाकारला जाईल. तो निर्णय दुसऱ्यांच्या हाती आहे. प्रामाणिकपणे भरलेली वही मात्र दोन्ही परिस्थितींत उरते, आणि पुढच्या अभ्यासकास अर्जापेक्षा तिचाच उपयोग अधिक होईल.