अकरा महिन्यांच्या करारात लपलेली जात

वाशीम, कारंजा, रिसोड, मंगरुळपीर. खेड्यातून शिकायला आलेली आपली पोरं खोली शोधायला निघाली की पहिला प्रश्न आजही आडनावाचा असतो. त्यातून खोली मिळालीच, तर भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो दिसल्यावर घरमालकाचा निरोप येतो, "करार संपत आला, आता खोली आम्हालाच लागते." पुढच्याच महिन्यात तिथे दुसरा भाडेकरू राहतो. आम्ही स्वतः हा निरोप ऐकला आहे.

मुदत संपल्यावर घर परत मागणे हा मालकाचा हक्क आहे. तो आम्ही नाकारत नाही. आमचा प्रश्न रीतीचा आणि नियतीचा आहे.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चे कलम ५५ सांगते की करार लेखी हवा, नोंदणीकृत हवा आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. "अकरा महिन्यांना नोंदणी लागत नाही" ही निव्वळ पळवाट आहे. नोंदणी टाळणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपूनही कोणी घर सोडत नसेल, तर कलम २४ प्रमाणे मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो आणि दुप्पट दराने भरपाई मागू शकतो. कायदा मालकाच्या मागे एवढा उभा असताना नळ बंद करणे, सामान अंगणात फेकणे कशासाठी? भाडेकरूचे पाणी, वीज तोडायला तर कलम २९ ची मनाईच आहे.

मालकाने करायचे ते साधे आहे. महिनाभर आधी लेखी कळवावे. मुदत वाढवायची तर नवा करार नोंदवावा. नसेल वाढवायची, तर दोघांनी मिळून खोली पाहावी, हिशेब कागदावर करावा आणि किल्ली घेताना डिपॉझिट परत द्यावे. परीक्षेच्या तोंडावर पोरांना रस्त्यावर काढू नये.

१९१७ साली बडोद्यात बाबासाहेब पारशी नाव घेऊन पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसे दारात आली आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगून गेली. कोलंबियात शिकलेला संस्थानचा अधिकारी त्या दिवशी कामाठीबागेत जाऊन बसला. तेव्हा अकरा दिवस होते, आज अकरा महिने आहेत. काठीची जागा कराराने घेतली, एवढाच फरक.

अनुसूचित जातीच्या माणसाला राहते घर सोडायला भाग पाडणे हा ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा आहे. १९९० पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीत धरले जाते. मुदतवाढ नाकारली म्हणून प्रत्येक वेळी हे कलम लागणार नाही, हे आम्हाला कळते. पण धमकी आणि जातीवाचक शब्द 'मुदत संपली' या दोन शब्दांखाली झाकले जात असतील, तर पुरावा आपल्यालाच जपावा लागेल.

आणि आपल्यातले घरमालक? नोकरीतून निवृत्त होऊन दोन खोल्या भाड्याने देणारे आपलेही लोक नोंदणी टाळतात, पावती देत नाहीत, डिपॉझिट अडवतात. त्यांनाही हाच कायदा आणि हाच प्रश्न.

म्हणून मित्रहो, खोली घेताना नोंदणीकृत कराराची प्रत मागा. दर महिन्याला पावती घ्या, कलम ३१ ने ती द्यावीच लागते. मुदत संपली की घर वेळेवर सोडा. पण मान खाली घालून नाही, हिशेब पूर्ण करून.

जय भीम!