शिवाशिवीचा खेळ कुणाच्या घरात खेळायचा?

दोस्तहो, 'प्लेडेट' हा शब्द तुमच्या वस्तीत कुणाच्या आईच्या तोंडून ऐकलाय? पोरांनी खेळायचं म्हणून दोन आयांनी फोनवर दिवस ठरवायचा, एकीनं दुसरीच्या पोराला घरात घ्यायचं, हात धुवायला लावायचे, खाऊ द्यायचा आणि दोन तासांनी परत पाठवायचं. २०२० साली शाळा आणि बागा बंद झाल्या तेव्हा पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांतून हा प्रकार चालला. दोन-तीन घरांनी मिळून 'बबल' करायचा. बबल म्हणजे बुडबुडा. आतले सगळे शुद्ध, बाहेरचे सगळे संशयित. ह्या बुडबुड्याची आपली ओळख फार जुनी आहे. त्याला आपण गावकूस म्हणतो.

त्या आयांवर माझा राग नाही. कोंडलेलं पोर भिंतीला डोकं आपटतं, ते फ्लॅटमध्येही आपटतं आणि पत्र्याच्या खोलीतही. माझा सवाल वेगळाय. खेळ मैदानातून उठून घरात गेला की बोलावणं कुणाला जातं?

जुन्नर-आंबेगावात या. मुंबईचे डबेवाले ज्या तालुक्यांतून येतात त्यातले हे दोन. मार्च २०२० मध्ये लोकल थांबली आणि हातावर पोट असलेली माणसं बायकापोरांसकट गावाकडं निघाली. गावानं काय केलं? वेशीवर काटे टाकले, बांबू आडवे बांधले. आलेल्यांना कुठं जिल्हा परिषदेच्या शाळेत, कुठं घरातच चौदा दिवस बसवलं. भाकरी दुरून ठेवायची, पाणी वरून ओतायचं, सावली अंगावर पडू द्यायची नाही. पाटलाच्या चुलतभावालाही हे सोसावं लागलं. तो म्हणाला, माणसाला अशी वागणूक देतात काय? बरोबर आहे बाबा, देत नसतात. फक्त तुझी अस्पृश्यता पंधराव्या दिवशी संपली. सरकारनंही शब्द काय शोधला, तर 'सामाजिक अंतर'! अंतर शरीराचं ठेवायचं होतं, नाव समाजाचं घेतलं. हजारो वर्षांची सवय असल्यावर जीभ तिकडंच वळणार.

आता पोरांचं बघा. मराठी पोरांचा सगळ्यात साधा खेळ शिवाशिवीचा. त्याला साधन लागत नाही, पैसा लागत नाही. पळायचं आणि शिवायचं. ज्याला शिवलं त्याच्यावर राज्य. मोठ्यांच्या गावात शिवलं की विटाळ, पोरांच्या खेळात शिवलं की राज्य येतं! हा खेळ सगळ्या जातींची पोरं एकत्र खेळतील अशी गावात जागा किती? देवळाचा पार त्यांचा. वाड्याचं अंगण त्यांचं. समाजमंदिराचा ओटा आपला. उरतं शाळेचं पटांगण. तिथं कुणाचा उंबरा नाही, कुणाची आजी दारात बसून 'कुणाचा रं तू?' असं विचारत नाही. शाळा म्हणजे स्वर्ग असं मी म्हणत नाही. साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेब घरून नेलेल्या गोणपाटावर बसले, हे आपण विसरलेलो नाही. पण मधली सुट्टी झाली की घामेजलेल्या पाठीवर थाप मारताना पोरगं जात विचारत नाही. निदान पहिली-दुसरीत तरी नाही.

तेच पटांगण बंद झालं. पहिली ते चौथीचे वर्ग भरवायला परवानगी मिळाली १ डिसेंबर २०२१ पासून, आणि जानेवारी २०२२ मध्ये ते पुन्हा बंद. म्हणजे २०२० साली पहिलीत जायचं पोर जवळजवळ वीस महिने आपापल्या आळीत राहिलं. मराठ्याचं मराठ्याच्या अंगणात, माळ्याचं माळ्याच्या मळ्यात, आपलं आपल्या वस्तीत, ठाकराचं ठाकरवाडीत. हुकूम काढून कुणी हे केलं नाही. दार बंद झालं की जात आपोआप आतून कडी लावते. सहा वर्षांच्या पोराला ह्या वयात जे मित्र मिळायचे ते मिळाले नाहीत. अभ्यास बुडाला ह्याची चर्चा भरपूर झाली. बुडालेले मित्र कुठल्या परीक्षेत मोजणार?

शेताकडं जावं तर ऊस. कुकडीच्या आणि डिंभ्याच्या पाण्यावर ऊस वाढला, उसात बिबट्या वाढला. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे. चांगलं आहे, जनावरालाही निवारा हवाच. पण उसाच्या कडेला झोपडी कुणाची असते? मजुराची, धनगराची, आदिवासीची. दिवस कलला की आई पोराला आत ओढते. मग दहा बाय दहात सागरगोटे आणि चिंचोके. त्याच दहा बाय दहात चूल, म्हातारा खोकतोय, आणि एकच मोबाईल, तोही बापाच्या खिशात. २०२० च्या जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' नावाची मालिका लागायची, पोरांनी घरातल्या घरात करून शिकायचं म्हणून. कल्पना चांगली होती. घर असलेल्यांसाठी.

नारायणगावचंही सांगितलं पाहिजे. विठाबाईंचं गाव. पाडव्याच्या सुमाराला तिथं फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी यात्रेच्या सुपाऱ्या देतात. २०२० चा पाडवा २५ मार्चला आला, टाळेबंदीचा पहिला दिवस! तो हंगाम गेला आणि २०२१ चाही गेला. जी पोरं एरवी हंगामभर आईबापाच्या वाटेकडं डोळे लावून बसायची त्यांना आईबाप घरात मिळाले. पण हातात उचल फेडायची चिंता घेऊन बसलेला ढोलकीवाला पोराशी काय खेळणार?

१८९७ साली पुण्यात प्लेग होता. साथरोगाचा कायदा त्याच वर्षी झाला आणि २०२० साली टाळेबंदीत तोच कायदा वापरला. त्या प्लेगात सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातलं आजारी पोर पाठीवर घेऊन यशवंतच्या दवाखान्यात नेलं. १० मार्चला त्या त्याच रोगानं गेल्या. साथीत अंतर ठेवावं लागतं हे त्यांना कळत नव्हतं काय? डॉक्टर मुलाच्या आईला? पण त्या पोराला उचलायला दुसरं कोण येणार होतं!

साथ गेली, मास्क गेले. पटांगणाचं काय? सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण खात्यानं वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करण्याचे प्रस्ताव मागवले. नमुना दाखवला आपल्याच जिल्ह्यातल्या पानशेतचा. भीमाशंकरच्या नि नाणेघाटाच्या बाजूच्या वाड्यांवर शाळेचा पट पुष्कळदा बोटांवर मोजावा लागतो. ती शाळा उचलून दहा-बारा किलोमीटरवर नेली तर पोरं गाडीत बसून जातील, गाडीत बसून येतील, संध्याकाळी पुन्हा आपापल्या आळीत. पैसेवाल्याचं पोर तर आधीच पिवळ्या बसमधून इंग्रजी शाळेत जातंय. म्हणजे टाळेबंदी कायमची, फक्त नाव वेगळं. शिक्षक परवडत नाही म्हणणाऱ्या सरकारला धरणं परवडली, रस्ते परवडले. वीस पोरांचं पटांगण तेवढं महाग पडतं!

तुमच्यातले पुष्कळजण पिंपरीला, चेंबूरला, घाटकोपरला राहता आणि यात्रेला गावी जाता. ह्या खेपेला गेलात की शाळेत जा. पटांगण कुणाच्या नावावर आहे, किती गुंठे आहे, कुंपण कुणी सरकवलंय, पट किती उरलाय, हे वहीत लिहून घ्या. आपल्या वस्तीतली पोरं तिथं संध्याकाळी जातात की फाटकाला कुलूप असतं, तेही बघा. कुलूप असेल तर किल्ली कुणाकडं, हे १ मेच्या ग्रामसभेत उभं राहून विचारा.