शिकागोच्या तळ्यावरची पाखरं

मार्च उजाडला की आपल्याकडे पळस फुलतो आणि स्वेटर पेटीत जातात. शिकागोत मात्र मार्चमध्येही तळ्याकाठच्या दगडांना बर्फ चिकटलेला असतो. भाचा तिकडे नोकरीला, म्हणून गेल्या वर्षी आमचे जाणे झाले. एका रविवारी सकाळी तो म्हणाला, "मामा, तळ्यावर पाखरं बघायला जाऊ. पण हातमोजे काढायचे नाहीत."

तळे कसले, समुद्रच तो! मिशिगन सरोवराचा पसारा सुमारे ५८,००० चौरस किलोमीटर. पलीकडचा काठ दिसत नाही. वारा असा की डोळ्यांतून पाणी वाहू लागले. एवढ्या गारठ्यात कोणते पाखरू येणार, असे आम्ही मनात म्हटले. पण दुर्बीण डोळ्याला लावली आणि गारठा विसरलो.

गोल्डनआय नावाची बदके होती. नर काळा-पांढरा, डोळा सोन्यासारखा पिवळा. मादीपुढे तो एकदम मान मागे टाकतो, डोके पाठीला टेकवतो आणि काही झालेच नाही असा पुन्हा पोहू लागतो. वरातीत बँडपुढे नाचणारी आपली पोरे आठवली! शेजारी लाल चोचीचे, विस्कटलेल्या तुऱ्याचे मर्गान्सर बुडी मारून मासे धरत होते. ही मंडळी हिवाळा इथे काढतात आणि थंडी ओसरली की उत्तरेकडे जातात. तिथल्या जंगलात गोल्डनआय झाडाच्या ढोलीत अंडी घालते. म्हणजे आम्ही पाहिली ती निघण्याची तयारी.

त्याच वेळी दक्षिणेकडून नवे पाहुणे येत होते. वाळक्या गवतावर एक काळा पक्षी बसला होता, खांद्यावर लाल पट्टा. नाव रेड-विंग्ड ब्लॅकबर्ड. यांच्यात नर आधी येऊन जागा धरतात, माद्या मागाहून येतात. गिरणीत लागलेली आमची आधीची पिढी अशीच मुंबईला आली. आधी बाप्या माणूस, खोली मिळाल्यावर बायकापोरे.

चालता चालता एकोणतिसाव्या रस्त्याजवळ एका दगडापाशी भाचा थांबला. दगडावर पाटी होती. यूजीन विल्यम्स, वय १७. २७ जुलै १९१९ रोजी हा कृष्णवर्णीय मुलगा मित्रांबरोबर इथे पोहायला आला होता. जवळ लाकडाचा तराफा होता. पाण्यात इथपर्यंत काळ्यांचे, पुढे गोऱ्यांचे, अशी हद्द मानली जाई. ती कायद्यात नव्हती, पाण्यावर दिसतही नव्हती. तराफा वाहत पलीकडे गेला. एका गोऱ्याने दगड मारले आणि पोरगा बुडाला. पोलिसाने मारणाऱ्याला पकडायला नकार दिला. दंगल पेटली. ३८ माणसे मेली, त्यांतली २३ कृष्णवर्णीय.

आम्हाला महाड आठवले नसते तरच नवल. तिथेही नगरपालिकेने १९२४ साली तळे सर्वांना खुले केले होते, पण कागदावर. चवदार तळ्यावर गुरे पाणी पीत, पाखरे पीत. मनाई फक्त आपल्या माणसांना. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी त्या पाण्याची ओंजळ घेतली. तोही मार्चच.

पाखरे बघणे हा रिकामटेकड्या साहेबांचा छंद, असे आमचेही मत होते. परंतु २०२० च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये काय झाले? ख्रिश्चन कूपर हा कृष्णवर्णीय पक्षीनिरीक्षक पाखरे बघायला गेला होता. मोकळा सोडलेला कुत्रा बांधा, असे तो एका गोऱ्या बाईला म्हणाला. तिने पोलिसांना फोन लावला: आफ्रिकन अमेरिकन माणूस माझ्या जिवावर उठलाय! त्यानंतर काही दिवसांतच कृष्णवर्णीय तरुण मंडळींनी 'ब्लॅक बर्डर्स वीक' सुरू केला. पाण्याकाठी, बागेत, रानात आम्हीही दुर्बीण घेऊन हिंडणार, असे त्यांचे म्हणणे.

भाच्यालाही आधी दुर्बीण गळ्यात घालायचा संकोच वाटे. आता तो वहीत तारीख, वेळ आणि पाखराचे नाव लिहितो. वाचकांनीही एखाद्या रविवारी मुलांना जवळच्या तळ्यावर न्यावे. दुर्बीण नसली तरी अडत नाही. वही मात्र न्यावी.

त्या सकाळी त्याच्या वहीत अकरा नावे चढली. आम्हाला सहाच ओळखता आली. परत निघालो तेव्हा मर्गान्सरचा थवा त्या दगडासमोरून, मध्येच बुडी मारत, सरळ पलीकडे चालला होता.