समुद्रातली पवनचक्की आणि मामाचे साठ हजार

गेल्या रविवारी मामाने मला मुद्दाम जेवायला बोलावलं. पानात वरण-भात पडायच्या आधीच त्याने मोबाईल पुढे केला. "तू इंग्रजीत बीए केलंस ना, हे जरा वाच बरं."

मेल माझ्या मामेभावाला आला होता. तो इथेच, जबलपूरला, मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि त्याला समुद्रातल्या पवनचक्क्यांचं वेड आहे. 'ऑफशोअर विंड' हा शब्द आता मामीलाही पाठ झालाय. मेलमध्ये होतं: गुजरातच्या समुद्रातल्या पवनचक्क्यांवर सहा आठवडे इंटर्नशिप, प्रमाणपत्र मिळेल, फी साठ हजार. इंग्रजी एकदम चकचकीत. मामा पैसे भरायच्या बेतात होता.

मला इंजिनीअरिंगमधलं ओ की ठो कळत नाही. पण मुलगा नक्की कुठे जाणार, हे तरी बघू म्हणून मी शोधायला बसले. तर काय, गुजरातच्या समुद्रात वीज बनवणारी एकही पवनचक्की नाही! अख्ख्या भारताच्या समुद्रातच अजून एकही नाही.

तयारी मात्र चालू आहे. केंद्र सरकारचं धोरण २०१५ मध्ये आलं. २०१७ मध्ये खंभातच्या आखातात, पिपावावजवळ, लेसरने वारा मोजणारं लायडार यंत्र बसवलं. जून २०२४ मध्ये ७,४५३ कोटींची योजना मंजूर झाली. गुजरात आणि तमिळनाडूच्या समुद्रात प्रत्येकी ५०० मेगावॅट. डेन्मार्कने पहिल्या ११ चक्क्या १९९१ मध्येच समुद्रात उभ्या केल्या होत्या. तिकडचे व्हिडिओ बघून आपली मुलं हरखतात, त्यात त्यांचा काय दोष?

भावाचा चेहरा पडला. "म्हणजे ताई, माझं काही खरं नाही."

मला तसं वाटत नाही. पाती, जनरेटर, ब्रेक हे सगळं जमिनीवरच्या चक्कीतही असतंच. आपल्याच मध्य प्रदेशात देवास, रतलाम, मंदसौरकडे चक्क्या फिरतायत. तिकडे साताऱ्यात वनकुसवड्याचं पठार आहे. देखभाल करणाऱ्या माणसांबरोबर तिथे सहा आठवडे काढले, तर निम्मं काम हाताखालून जाईल. समुद्रात वेगळं काय? पाण्यातला पाया, खाऱ्या हवेने चढणारा गंज, तळाशी टाकलेली केबल. वाऱ्याच्या मोजणीत रस असेल तर चेन्नईला राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्था आहे. आणि इंटर्नशिपसाठी कुणी आधी पैसे मागितले, तर तो मेल कॉलेजच्या प्लेसमेंटवाल्या सरांना दाखवल्याशिवाय एक रुपया भरू नका. कंपनीने मुलाला मानधन नाही दिलं तरी एक वेळ चालेल, पण उलट आपणच फी द्यायची?

समुद्रावर पाठवण्याआधी प्रथमोपचार, आग, वजन उचलणं, उंचीवरचं काम आणि पाण्यात जीव वाचवणं, एवढं शिकवतात, हे वाचून दाखवलं तेव्हा मामीचा हात थांबला. "पोहावं लागतं?"

"मग ग्वारीघाटाला शिकलो ते कशाला?" भाऊ म्हणाला. त्याचंही बरोबर आहे. तिथलं नर्मदेचं पाणी शेवटी खंभातच्या आखातातच जातं.

संध्याकाळपर्यंत त्याने तीन ठिकाणी मेल केले. मी फक्त इंग्रजी तपासलं. अजून उत्तर नाही. मामी रोज विचारते.