माळेखालची चिठ्ठी

लक्ष्मीपूजनाच्या रात्री बाजारपेठेतून एक फेरी मारावी. चोपड्यांच्या शेजारी आता संगणक येऊन बसला आहे. त्यालाही हळदकुंकू वाहतात, झेंडूची माळ घालतात. घालोत बापडे! माझे भांडण माळेशी नाही, माळेखाली पडद्याच्या कडेला चिकटवलेल्या चिठ्ठीशी आहे. तिच्यावर दुकानाचा पासवर्ड असतो, आणि तो बहुधा दुकानाचेच नाव व पुढे एक-दोन-तीन असा असतो!

मी पडलो मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर, फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा. याने या विषयात तोंड का घालावे, असे कुणी विचारील. कारण सांगतो. माझी एक जुनी विद्यार्थिनी गावातल्या खत-बियाण्यांच्या पेढीवर हिशेब लिहिते. यंदाच्या ज्येष्ठात, ऐन पेरणीच्या घाईत, पुरवठादाराचे म्हणून एक पत्र ईमेलने आले : ‘आमचे बँक खाते बदलले आहे, रक्कम नव्या खात्यात भरावी.’ मजकुराची धाटणी तीच, बिलाचा आकडा रुपयापर्यंत बरोबर. फक्त पत्त्यातल्या इंग्रजी ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ ही दोन अक्षरे खेटून बसलेली! पोरीने शेटजींना विचारले, ते “भरून टाक” म्हणाले, तिने भरले. चार लाख ऐंशी हजार. नऊ दिवसांनी खऱ्या पुरवठादाराने तगादा लावला तेव्हा बिंग फुटले. १९३० या सरकारी क्रमांकावर लगेच फोन केला, तर पैसे वाटेतच गोठवले जाण्याची आशा असते. नऊ दिवसांनी कसली आशा? त्यातले पन्नास हजार शेटजींनी पोरीच्या माथी मारले. दरमहा पगारातून दोन हजार कापतात.

मी पेढीवर गेलो. “शेटजी, तिजोरीच्या किल्ल्या कुणाकुणाकडे असतात?”

“भलतेच काय विचारता, मास्तर! माझ्या एकट्याच्या कमरेला.”

“आणि ईमेलचा पासवर्ड?”

ते हसले. “ते सगळ्यांनाच ठाऊक आहे. संगणकातले आपल्याला काय कळते?”

हेच ते वाक्य! बिलाचा आकडा त्या भामट्याला कळला कसा? चिठ्ठीवरचा तो पासवर्ड ओळखून तो पेढीच्या पत्रव्यवहारात आधीच डोकावत बसला असणार. ‘मला तराजूतले कळत नाही’ म्हणणारा व्यापारी मी अजून पाहिलेला नाही. मग इथेच अज्ञान भूषण कसे ठरते? आणि शिकायचे ते आहे तरी किती! खाते बदलल्याचे पत्र आले, की आपल्या जुन्या वहीतल्या क्रमांकावर फोन करून विचारावे, त्या पत्रातल्या क्रमांकावर नव्हे. मोठी रक्कम एकाने मांडावी, दुसऱ्याने तपासून सोडावी. पासवर्ड ज्याचा त्याचा वेगळा, आणि त्यामागे मोबाइलवरची दुसरी खूण. गिऱ्हाइकाला वाय-फाय द्यायचे तर निराळे द्यावे. जुन्या मुनीमांना यातले निम्मे पाठ होते.

“आमच्यासारख्या लहान पेढीवर कोण टपलेय?” हा दुसरा बचाव. कुणी टपावे लागतेच असे नाही. जून २०१७ मध्ये युक्रेनमधल्या कराचे हिशेब ठेवण्याच्या एका सॉफ्टवेअरमधून ‘नॉटपेट्या’ नावाची कीड सुटली. ती डेन्मार्कच्या मर्स्क कंपनीत शिरली आणि आपल्या न्हावाशेव्याच्या एका टर्मिनलचे कामही खोळंबले. ज्या छिद्रांतून ती पसरली, त्यांतल्या काहींची डागडुजी मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच पाठवली होती. ती लावायला पुष्कळांना सवड झाली नव्हती! कोण आत येऊ शकतो, याची मर्स्कची मूळ नोंद ठेवणारे जगभरचे संगणक पुसले गेले. एक तेवढा घानामध्ये वाचला, कारण नेमकी त्या वेळी तिथली वीज गेली होती! भारनियमनाला आपण इतक्या शिव्या देतो, पण तिथे त्यानेच लाज राखली. घानामध्ये दैवाने केले ते आपण हाताने करावे : हिशेबाची प्रत दर आठवड्याला वेगळ्या डिस्कवर घ्यावी, आणि ती डिस्क संगणकापासून सोडवून कपाटात ठेवावी.

शेटजींनी मात्र यंदा दुकानात आठ कॅमेरे बसवले. त्यांतले दोन पोरीच्या टेबलाकडे तोंड करून आहेत.

लक्ष्मीपूजनाचे त्यांचे बोलावणे आले आहे. मी जाणार आहे. पोरीचे अजून एकवीस हप्ते बाकी आहेत; ते सोडल्याचे शेटजींच्या तोंडून ऐकेन, तेव्हाच लाह्या-बत्ताशांना हात लावीन.