दत्तकाच्या आदेशावर सही करण्याआधी

मा. जिल्हाधिकारी, छत्रपती संभाजीनगर यांस,


वेरूळच्या लेण्यांत परदेशी पाहुण्यांना फिरवणं हा माझा व्यवसाय. दत्तक प्रकरणांशी माझा कागदोपत्री काडीचा संबंध नाही. तरी तुम्हालाच लिहितो, कारण १ सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात. या जिल्ह्यातल्या संस्थेतलं मूल स्पेनला जावो की अमेरिकेला, आदेशावरची सही तुमची असते.

पत्राने काय होणार, असं कुणी म्हणेल. परदेशी दत्तकाचे आपल्याकडचे नियमच एका पत्रातून उभे राहिले. लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी मुलं परदेशी धाडण्यातल्या गैरप्रकारांबद्दल सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं, न्यायालयाने तीच याचिका मानली आणि ६ फेब्रुवारी १९८४ रोजी न्या. भगवतींनी निकाल दिला. मूल शक्यतो तीन वर्षांचं होण्याआधीच जावं, म्हणजे परक्या मुलखात लवकर रुळेल, असंही त्या निकालात होतं. आज चित्र उलटं आहे. धडधाकट तान्ही बाळं इथल्याच आई-बाबांना मिळतात, आणि तसंच व्हायला हवं. परदेशी कुटुंबांकडे जातात ती बहुतेक मोठी मुलं, भावंडांच्या जोड्या, नाहीतर उपचारांची गरज असलेली मुलं. म्हणजे मराठीत हट्ट करायला शिकलेलं मूल विमानात बसतं.

अशी कुटुंबं काही वर्षांनी मुलाला त्याचा मुलूख दाखवायला येतात, आणि वेरूळ चुकवत नाहीत. चौदा नंबरच्या लेण्यात सप्तमातृका आहेत, पोरांना घेऊन बसलेल्या. तिथे मी कार्तिकेयाची गोष्ट सांगतो: सहा कृत्तिकांनी दूध पाजून वाढवलेला देव. आईला गोष्ट फार आवडते. मुलाला नाही, त्याला भूक लागलेली असते.

तिथेच, सावलीत बसून, आया बोलायला लागतात. पहिल्या दिवसांत मुलाला छान सजवलेली स्वतंत्र खोली दिली, तर सकाळी ते दाराशी फरशीवर झोपलेलं सापडायचं. संस्थेत ते कायम इतर पोरांच्या रांगेत झोपलेलं; एकट्याची खोली त्याला शिक्षा वाटली. उशीखाली ब्रेडचे तुकडे. बाबा जवळ आले की अंग चोरणं, कारण जन्मात त्याने संस्थेतल्या सांभाळणाऱ्या मावश्याच पाहिलेल्या, घरात पुरुष कसा वावरतो हे ठाऊकच नाही. आणि मराठी तर पाहता पाहता जाते. नवी भाषा मात्र तेवढ्या लवकर येत नाही. मधल्या काळात मुलाकडे एकही भाषा नसते, तेव्हा ते चावतं, वस्तू फेकतं. आई-बाप समजतात, पोर हट्टी आहे. एका बाईंनी मला विचारलं, याला आधी न्हाऊ कोण घालायचं? फाइलमध्ये उंची, वजन, लशी, रक्ताचे रिपोर्ट, सगळं होतं. एवढंच नव्हतं.

मोठ्या मुलाचं दत्तक जाणं आपल्याला नवं नाही. मालेगावजवळच्या कवळाण्याचा गोपाळ १८७५ मध्ये बाराव्या वर्षी बडोद्याला दत्तक गेला आणि सयाजीराव झाला. पण राजवाडा परका असला तरी दरबार मराठी होता, आणि पुढे सख्खे भाऊही बडोद्यातच राहिले. ऑस्ट्रेलियाची माजी क्रिकेट कर्णधार लिसा स्थळेकर हिचं नाव तर या विषयात हटकून निघतं. १९७९ मध्ये पुण्यात जन्मलेली लिसा 'श्रीवत्स' या अनाथालयातून दत्तक गेली ती अवघ्या काही आठवड्यांची असताना, आणि वडील हरेन मूळ मुंबईचे. तिच्या यशाने आपण सुखावतो. सहा वर्षांच्या पोराचं कसं होतं, याचं उत्तर त्यात नाही.

दत्तकाच्या नियमांत या अडचणींची जाण आहे, हेही सांगतो. संस्थेने मुलाचा 'मेमरी अल्बम' करून नव्या पालकांना द्यावा असं त्यात म्हटलंय. जन्मदात्यांचा तपशील त्यात घालायचा नाही, ते योग्यच. मूल गेल्यावर पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी अहवाल येतो. पण अहवाल मूल कसं आहे ते सांगतात. ते कसं होतं, हे तिकडच्या माणसाला कळायचं कसं?

तुमच्या हाताखाली जिल्हा बाल संरक्षण कक्ष आहे. नियम न बदलता त्यांना एक करायला सांगता येईल. अल्बममध्ये फोटोंबरोबर आवाज जाऊ द्या. मुलाला सांभाळणाऱ्या मावशीने मोबाइलवर बोलावं: हा कशाने घाबरतो, वरण-भात कालवून देताना काय म्हणायचं, झोपताना कुठल्या कुशीवर, रडायला लागला की काय केल्यावर थांबतो. खाली इंग्रजी भाषांतर. पालक इथे येतात तेव्हा पहिले काही दिवस मावशीलाही त्यांच्यासोबत बसू द्या. मूल कुणाच्या हातून कुणाच्या हातात जातंय हे त्याला दिसलं पाहिजे. घाईने नेलेलं मूल विमानभर रडतं आणि सगळे त्याला दमणूक म्हणतात.

मुलगा सुखात गेला, आता वरण-भाताचं काय घेऊन बसलात, असं म्हणणारे भेटतील. त्यांना एक आठवडा परमुलखात, भाषा न येता, दुसऱ्याच्या हातून आंघोळ करून बघायला सांगा.

आता माझ्या बाजूचं. मंगळवारी लेणी बंद असतात. त्या दिवशी संस्थेत येऊन मावश्यांचं बोलणं रेकॉर्ड करायला आणि त्याचं भाषांतर करून द्यायला मी तयार आहे. आमच्यातल्या दोघांना स्पॅनिश आणि इटालियन येतं, तेही येतील. मानधन नको. गोपनीयतेच्या अटी लिहून द्या, सही करतो. पोलिस पडताळणीही जरूर करा. फक्त निरोप उन्हाळ्यात पाठवा. डिसेंबरात आम्हाला जेवायलाही सवड नसते.

आपला,
वेरूळचा एक गाइड
(ता. खुलताबाद)